नोंदवहीतील नावे आणि मंडळीचे भवितव्य

मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांना ‘वडिलां’च्या कारभाराचा, म्हणजेच सामान्य सभासदांच्या सहभागाचा मोठा वारसा लाभला आहे. मात्र आरक्षणाचा कायदा, मालमत्तेचे वाद आणि हंगामी स्थलांतर यांमुळे हा वारसा आज कसोटीला लागला आहे.

लातूर जिल्ह्यातील देवणी हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते तेथील देखण्या गोवंशामुळे. कर्नाटकातील बिदर जिल्ह्याला लागून असलेला हा सीमावर्ती तालुका. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हा सारा पट्टा हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्यातच मोडत असे. पुढे तो उस्मानाबादला जोडला गेला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आला. सीमा बदलल्या, पण नातीगोती, बाजारहाट आणि श्रद्धेचे धागे तुटले नाहीत. या भागातील ख्रिस्ती समाजाचा विचार करतानाही म्हणूनच केवळ आजच्या नकाशाकडे पाहून चालत नाही. एका बाजूला बिदर आणि दुसऱ्या बाजूला जालना, अशा दोन दिशांनी ख्रिस्ती धर्माचे दोन प्रवाह निजामाच्या राज्यातील मराठी मुलखात आले.

बिदरच्या बाजूने आला तो अमेरिकी मेथडिस्ट प्रवाह. जालन्याच्या बाजूने आला तो स्कॉटलंडचा प्रेसबिटेरियन प्रवाह. उपासनेला बसणाऱ्या सामान्य माणसाला या दोहोंत फारसा फरक जाणवत नाही. तेच मराठी बायबल, तीच नारायण वामन टिळकांची भजने, तोच नाताळ आणि तोच हंगामाचा सण. फरक आहे तो कारभाराच्या पद्धतीत. मेथडिस्ट व्यवस्थेत पाळकाची नेमणूक बिशप करतो. प्रेसबिटेरियन व्यवस्थेत मात्र स्थानिक मंडळी आपले ‘वडील’ निवडते आणि पाळक त्या वडिलांसमवेत बसून कारभार पाहतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘वडीलधारा’ असा आहे. एका वाक्यात सांगायचे, तर प्रेसबिटेरियन चर्च म्हणजे वडीलमंडळाने चालविलेले चर्च. ही पद्धत वरकरणी किरकोळ वाटली, तरी मराठवाड्यातील ज्या समाजघटकांनी हा धर्म स्वीकारला, त्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ फार मोठा होता.

१८४३ चे वर्ष

या पद्धतीचे मर्म समजण्यासाठी १८४३ या वर्षाकडे जावे लागते. त्या वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. वादाचा विषय एकच होता. पाळक नेमण्याचा अधिकार गावच्या जमीनदाराचा की मंडळीचा? जमीनदाराने लादलेला पाळक नाकारण्याचा हक्क मंडळीला असलाच पाहिजे, या आग्रहापोटी साडेचारशेहून अधिक पाळकांनी आपली वेतने, निवासस्थाने आणि चर्चच्या इमारती यांवर पाणी सोडले आणि ‘फ्री चर्च’ स्थापन केले. मुंबईत १८२९ पासून कार्यरत असलेले जॉन विल्सन हेही याच पक्षाला मिळाले. त्यामुळे हाताशी असलेल्या इमारती जुन्या चर्चकडे सोडून त्यांना आपली शाळा नव्याने उभी करावी लागली. आज मुंबईत चौपाटीवर उभे असलेले विल्सन महाविद्यालय याच परंपरेतून वाढले.

त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, विल्सन यांच्या शाळेतील नारायण शेषाद्री या देशस्थ ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि अल्पवयीन म्हणून त्याला घरच्यांच्या स्वाधीन करण्यात आले. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या हिंदू समाजात मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याचा पक्ष उचलून धरला. एका घरातील दोन भावांच्या निमित्ताने ‘समाजात कोणाला घ्यायचे आणि ते कोणी ठरवायचे’ हा प्रश्न त्या काळी ऐरणीवर आला. स्कॉटलंडमधील वादही अखेर त्याच जातीचा होता. मंडळी कोणाची, याचा निर्णय कोण करणार?

बेथेलचा प्रयोग

नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या काळात सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्यानजीक ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. बेथेल या बायबलमधील शब्दाचा अर्थ ‘देवाचे घर’. तेथे आलेली कुटुंबे प्रामुख्याने मांग आणि महार समाजांतील होती. गावकुसाबाहेर पिढ्यान्पिढ्या काढलेल्या या माणसांना शेती, शाळा आणि प्रार्थनामंदिर असलेले स्वतःचे गाव प्रथमच लाभले. त्या गावाचा पुढारी एक ब्राह्मण धर्मांतरित असावा, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजात सामान्य नव्हती. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री उपस्थित राहिले आणि जालन्याचे काम अमेरिकेतील श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

या प्रयोगाचे कौतुक करताना त्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. वसाहतीचे चैतन्य एका असामान्य व्यक्तीभोवती गुंफलेले होते आणि आर्थिक आधार बव्हंशी परदेशी देणग्यांचा होता. १८९१ मध्ये शेषाद्री यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात जो प्रश्न उभा राहिला, तो पुढे महाराष्ट्रातील जवळपास प्रत्येक मिशनक्षेत्रापुढे उभा राहिला. मिशनरी गेल्यावर आणि मदत आटल्यावर मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते काय? नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ पासून उभारलेले काम, कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केलेले आणि पुढे अमेरिकी प्रेसबिटेरियन मिशनच्या छत्राखाली आलेले काम, मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभे केलेले रुग्णालय, या सर्वांच्या बाबतीत हा प्रश्न कमीअधिक तीव्रतेने विचारला गेला आहे.

या काळात एक गोष्ट मात्र मुळाशी रुजली. जी माणसे गावपंचायतीसमोर उभी राहण्यासही अपात्र मानली जात, ती मंडळीच्या पंचात बसू लागली. जमाखर्च वाचणे, ठराव मांडणे, भांडण मिटविणे, वर्गणी गोळा करणे, पाळकाला जाब विचारणे, ही सारी कामे शेतमजुराने करावयाची, हा लोकशाहीचा धडा होता. प्रौढ मताधिकार भारतात येण्याच्या कितीतरी आधी तो गिरविला गेला. दलित समाजातील नेतृत्वाच्या घडणीचा इतिहास लिहिताना या छोट्या बैठकांची दखल क्वचितच घेतली जाते.

एकीकरण आणि त्याची किंमत

विसाव्या शतकात भारतातील प्रोटेस्टंट चर्चना आपापसांतील परदेशी भिंती निरर्थक वाटू लागल्या. १९०४ मध्ये देशातील अनेक प्रेसबिटेरियन मंडळ्या एका छत्राखाली आल्या. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल परंपरेशी त्यांचा संयोग होऊन ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ स्थापन झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे या चर्चसह अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट अशा सहा परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मास आले. अमेरिकी मूळ असलेल्या मेथडिस्टांनी मात्र ऐनवेळी बाहेर राहणे पसंत केले. १९८१ पासून ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त आहेत. जालना आणि बिदर या दोन प्रवाहांतील अंतर १९७० नंतरही कायम राहिले ते यामुळे.

एकीकरणात प्रेसबिटेरियनांनी बिशपपद स्वीकारले आणि अँग्लिकनांनी निर्वाचित समित्या स्वीकारल्या. दीक्षित पाळकाला या चर्चमध्ये आजही ‘प्रेसबिटर’ म्हणतात. स्थानिक पातळीवर पास्टोरेट कमिटी, त्यावर धर्मप्रांताची परिषद आणि सर्वांत वर सिनड, अशी रचना आहे. कागदावर ती समतोल आहे. व्यवहारात मात्र अधिकार वरच्या दिशेने सरकत गेल्याची तक्रार ठिकठिकाणच्या सभासदांकडून ऐकू येते. पाळकाची बदली, संस्थांवरील नेमणुका आणि जमिनीचे व्यवहार यांत गावातील वडिलांचे मत कितपत विचारले जाते, हा खरा प्रश्न आहे. याला दुसरीही बाजू आहे. प्रत्येक निर्णय स्थानिक मंडळीवर सोडला, तर गावातील दोनचार प्रबळ घराणी पाळकाला ओलीस धरतात. बिशपच्या अधिकारामुळे त्याला थोडे संरक्षण मिळते. तेव्हा बिशप हवा की वडील, असा हा वाद नसून दोघांनीही हिशोब कोणापुढे ठेवायचा, हा आहे.

इमारत कोणाची?

मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी आज शहरांच्या मध्यभागी आल्या आहेत. एकेकाळी गावाबाहेर मिळालेल्या माळरानावर आता बाजारपेठा लागून आहेत. साहजिकच या जागांवर अनेकांची दृष्टी आहे, आणि त्यांत मंडळीच्या आतील माणसेही आहेत. ब्रदरन परंपरेच्या गुजरातमधील मालमत्तेसंबंधी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या संदर्भात मूलगामी आहे. चर्चच्या एकीकरणाचा ठराव झाला म्हणून त्या चर्चच्या विश्वस्त संस्थेची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील तरतुदींचे पालन व्हावे लागते, असा त्याचा आशय होता. १९५० चा हा कायदा मुंबई राज्याचा. त्यामुळे गुजरातप्रमाणे महाराष्ट्रालाही तो लागू आहे.

स्कॉटलंडने हा अनुभव शंभर वर्षांपूर्वी घेतला आहे. १९०० मध्ये फ्री चर्चच्या बहुसंख्य सभासदांनी दुसऱ्या एका चर्चशी संयोग केला. मूठभर विरोधक बाहेर राहिले. १९०४ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की मूळ तत्त्वांना चिकटून राहिलेले अल्पसंख्यच मालमत्तेचे हक्कदार आहेत. निकालाने हाहाकार उडाला, कारण शेकडो चर्च चालविण्याइतकी माणसेच त्या गटाकडे नव्हती. अखेर १९०५ मध्ये संसदेला कायदा करून न्याय्य वाटप करावे लागले. मालमत्तेचा प्रश्न केवळ दस्तऐवजावर सोडविला, तर इमारत एकाकडे आणि मंडळी दुसऱ्याकडे राहते, हा त्यातील धडा. १८४३ मध्ये ज्यांनी तत्त्वासाठी इमारती सोडल्या, त्यांच्याच वारसांना साठ वर्षांनी इमारतींसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, हा इतिहासाचा उपरोधही नजरेआड करण्यासारखा नाही.

नोंदवहीचा पेच

मराठवाड्यातील मंडळ्यांपुढील सर्वांत नाजूक प्रश्न मात्र याहून वेगळा आहे. वडिलांची निवडणूक व्हायची, तर मतदार कोण हे ठरावे लागते. त्यासाठी सभासदांची नोंदवही लागते. विश्वस्त व्यवस्थेत हक्क सांगायचा, तरी हीच नोंदवही पुरावा ठरते. मंडळीची सारी लोकशाही या एका वहीवर उभी आहे. आणि नेमके त्या वहीत नाव असणे हेच गरीब दलित कुटुंबाला परवडेनासे झाले आहे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा केवळ हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित मात्र आजही त्याबाहेर आहेत. मराठवाड्यातील एखाद्या गावात याचा अर्थ काय होतो? एकाच वस्तीत, एकाच पूर्वजांची तीन कुटुंबे राहतात. त्यांतील हिंदू कुटुंबाला शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. बौद्ध कुटुंबालाही ते आहे. ख्रिस्ती कुटुंबाने धर्म उघडपणे नोंदविला, की ते या साऱ्यास मुकते. विहिरीवर, लग्नाच्या वरातीत किंवा मजुरीच्या दरात मात्र त्याची जात कोणी विसरत नाही.

या प्रश्नावर विचार झालेला नाही, असे नाही. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातींच्या दर्जाला धर्माची अट नसावी, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढही दिली. दरम्यान, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे म्हटले, की प्रत्यक्षात ख्रिस्ती आचरण करणाऱ्या व्यक्तीने केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे संविधानाच्या हेतूशी विसंगत आहे. कायद्याच्या अंगाने ही भूमिका समजण्याजोगी आहे. पण तिचा सामाजिक परिणाम असा, की प्रार्थनेला येणारा माणूस नोंदवहीवर सही करताना थबकतो. मुलाच्या वसतिगृह प्रवेशाचा कागद आणि मंडळीचा कागद यांत त्याला निवड करावी लागते. तो कोणता कागद निवडील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

विरोधकांचा आक्षेपही लक्षात घेतला पाहिजे. ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, मग जातीवर आधारित सवलत कशासाठी, असे विचारले जाते. अनुसूचित जातींच्या वाट्यात नवे भागीदार आल्यास आधीच अपुऱ्या असलेल्या जागा आणखी कमी होतील, ही हिंदू आणि बौद्ध दलितांची भीतीही निराधार म्हणता येणार नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तर चर्चलाच द्यावे लागेल. चर्चमध्ये जात नाही, असे व्यासपीठावरून सांगायचे आणि सोयरीक जुळविताना ती पाहायची, हा दुटप्पीपणा जोवर सुरू आहे, तोवर या आक्षेपाला धार राहणारच. दुसऱ्या आक्षेपावर तोडगा काढणे हे सरकारचे काम आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी होती. त्यांतील दलित किती आणि त्यांची स्थिती काय, याचे विश्वसनीय उत्तर प्रामाणिक नोंदीशिवाय मिळणार नाही. परंतु जेथे नोंद म्हणजे नुकसान, तेथे प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणाकडून करायची?

नोंदवही टाळण्याच्या या वृत्तीचा आणखी एक परिणाम दिसतो. घरगुती प्रार्थनागट आणि स्वतंत्र मंडळ्या वाढत आहेत. तेथे सभासदत्वाचा कागद नसतो, निवडणूक नसते, वडीलमंडळही बहुधा नसते. भक्तीचा उत्साह मोठा असतो आणि दुःखात धावून जाण्याची तत्परताही असते. मात्र सारा कारभार एका पाळकाच्या हाती एकवटतो. हिशोब विचारण्याची सोय नसते. ज्या समाजाने पंचात बसण्याचा हक्क दीडशे वर्षांपूर्वी कमावला, तो पुन्हा एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहू लागला, तर ती पीछेहाटच ठरेल.

सेवेचे क्षेत्र दारातच

स्थलांतराने या अडचणीत भर घातली आहे. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील मजूर कुटुंबे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नाताळ नेमका या काळात येतो. शिकलेली पिढी पुणे, मुंबई, हैदराबादकडे वळली आहे. गावातील मंडळी म्हणजे वृद्ध, काही स्त्रिया आणि लहान मुले, असे चित्र वर्षाचे सहा महिने असते. अशा वेळी वार्षिक सभा भरवायची कोणी आणि गणपूर्ती करायची कशी? शहरात गेलेल्यांचे नाव मूळ मंडळीत ठेवून त्यांच्याकडून नियमित वर्गणी व सल्ला घेणे, सभेची तारीख तोडणी हंगामाबाहेर ठरविणे, हे उपाय साधे आहेत. प्रेसबिटेरियन नियमांत त्यांना आडकाठी नाही. अडचण आहे ती सवयीची.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या बोधचिन्हावर एकता, साक्ष आणि सेवा असे तीन शब्द आहेत. मिशनरी काळात ‘सेवा’ म्हणजे शाळा आणि रुग्णालय, असे समीकरण होते. ती कामे आज सरकार आणि खासगी संस्था करतात. जुन्या मिशन संस्थांना त्यांच्याशी स्पर्धा करणे अवघड जाते. म्हणून सेवेचे क्षेत्र संपले, असे मात्र नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना गावात सांभाळणे, कर्जबाजारी शेतकऱ्याच्या विधवेला कागदपत्रांसाठी सोबत करणे, दुष्काळात सर्व वस्त्यांसाठी पाण्याची सोय पाहणे, या कामांना परदेशी निधी लागत नाही, विश्वासू माणसे लागतात. आणि ही कामे केवळ आपल्या सभासदांसाठी न करता शेजारच्या बौद्ध, हिंदू, मुस्लिम कुटुंबांबरोबर केली, तर धर्मांतराच्या राजकारणातून निर्माण होणारा संशयही काहीसा निवळेल. देवणी-उदगीरच्या पट्ट्यात मेथडिस्ट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आणि स्वतंत्र मंडळ्यांचे लोक एकत्र आले, तर १९७० मध्ये वरच्या पातळीवर जे साधले नाही, ते गावपातळीवर साधू शकेल.

मंडळीची जबाबदारी एकट्या पाळकाची नाही, हा प्रेसबिटेरियन परंपरेचा गाभा. स्त्रियांच्या बाबतीत तो आजही अपुराच उतरला आहे. घरोघरी जाऊन आजाऱ्याची चौकशी करणाऱ्या, भजने जिवंत ठेवणाऱ्या आणि वर्गणी गोळा करणाऱ्या त्याच असतात. निर्णयाच्या बैठकीत मात्र त्यांची संख्या नगण्य असते. पुरुष तोडणीला किंवा शहराला गेल्यावर मंडळी ज्यांच्या बळावर चालते, त्यांना ‘वडील’ म्हणून मान्यता देण्यास आता विलंब नको.

कायदा बदलणे मंडळीच्या हाती नाही. आयोगाचा अहवाल, न्यायालयाचा निकाल, संसदेचा निर्णय, या साऱ्यांची वाट पाहावी लागेल. पण हिशोब उघडपणे वाचणे, सभा वेळेवर घेणे, जमिनीच्या प्रत्येक व्यवहाराची माहिती सर्वांना देणे आणि भीतीपोटी ज्याने नोंदवहीत नाव घातले नाही, त्यालाही दारातून परत न पाठविणे, हे तिच्या हाती आहे. बेथेलचे घर बांधले गेले, तेव्हा त्यात येणाऱ्यांजवळ ना जमीन होती, ना कागद. आज कागद पुष्कळ आहेत. त्यांवरील नावे पुसली जाऊ नयेत आणि ती लिहिणाऱ्याचे नुकसानही होऊ नये, यासाठी एका बाजूने मंडळीने आणि दुसऱ्या बाजूने शासनाने पाऊल उचलले पाहिजे. दोहोंपैकी एकानेच ते उचलले, तर वही एक तर कोरी राहील किंवा खोटी ठरेल.